झाकणाला सात भोकं

शर्टाचं बटण तुटलं, एवढंच निमित्त. बायको अंघोळीला गेली होती, सुईदोरा ती आपल्या कापडी पिशवीत ठेवते हे मला माहीत होतं, म्हणून मी खुंटीवरच्या पिशवीत हात घातला. सुईदोऱ्याऐवजी हाताला गोळ्यांची रिकामी बाटली लागली. रिकामी म्हणजे गोळ्या नसलेली. झाकणाला भोकं होती. सात. बाहेरून आत पाडलेली, तापवलेल्या सुईने. प्लॅस्टिकच्या कडा आतल्या बाजूला वळल्या होत्या. हे मला एका नजरेत कळलं, कारण भोकं ओळखणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बावीस वर्षं मी धान्याच्या गोदामात कीड तपासतो. दाण्याला भोक दिसलं की किडा आत गेलाय की बाहेर पडलाय हे आधी बघायचं. बाहेर पडला असेल तर समजायचं की अंडी घालून झाली, आता सगळी थप्पी संशयित. तेव्हा ते झाकण हातात धरून मी पहिला विचार केला तो हा, की आत जे काही आहे ते कोणाला तरी जिवंत हवं आहे. दुसरा विचार, की ते माझ्यापासून लपवलेलं आहे. बाटलीत ओला कापूस होता, पानाचा तुकडा होता आणि एक काटा होता. गुलाबाचा असतो तसा, वाकडा, तपकिरी काटा. मी बाटली उजेडात धरली आणि काटा चालायला लागला.

मी बाटली होती तशी ठेवली, पिशवीचे बंद होते तसे लोंबते सोडले आणि बिनबटणाचा शर्ट घालून कामावर गेलो. संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, बटण तुटलंय की तुमचं. सांगायचं नाही का?" मी म्हटलं, "लक्षात नाही आलं." लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर खोटं बोलायला फार तयारी लागत नाही. पण त्या रात्री जेवताना मी तिचे हात बघत होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या बाजूला, हिरवट डाग होता. धुतलेला, तरी उरलेला. भाजीचा असेल. पण त्या दिवशी भाजी हिरवी नव्हती.

आता मागे वळून बघितलं तर वाटतं, माझ्या स्वभावाला काही निराळं शक्यच नव्हतं. गोदामात पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत असतात आणि बाहेरून सगळी पोती सारखीच साळसूद दिसतात. पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढायचे, चाळणीवर घ्यायचे आणि वाट बघायची. सोंडकिडे असले तर ते लगेच हलत नाहीत. मेल्याचं सोंग घेतात. नवखा माणूस म्हणतो, साहेब, मेलेत. मी म्हणतो, थांब. मिनिटभर जातो, मग एक पाय हलतो. बावीस वर्षं मी त्या एका पायाची वाट बघत आलोय. घरी आल्यावर डोळे काही निराळे होत नाहीत. शेजाऱ्याने आपणहून जिना झाडला तरी मला वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय. लेक शिकायला दूर गेली तेव्हा स्टेशनवर रडली नाही; सगळे म्हणाले, धीराची आहे पोरगी; मी महिनाभर विचार करत होतो की हिला जायची एवढी घाई का होती.

बुधवारी ती बहिणीकडे जाते, निदान तसं सांगते. पुढच्या बुधवारी मी गोदामातून मेव्हणीला फोन केला. काही निमित्त हवं म्हणून विचारलं, "तुमच्या मिस्टरांची पाठ कशी आहे?" मेव्हणी म्हणाली, "बरी आहे. आणि ताई आत्ताच निघाली हं." मी ताईबद्दल काही विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी फोन ठेवला आणि चाळणीवर पसरलेले दाणे उगाच पुन्हा पुन्हा हलवत बसलो.

त्यानंतर दर मंगळवारी संध्याकाळी किंवा बुधवारी सकाळी, ती अंघोळीला गेली की मी पिशवी बघू लागलो. कामावरचं घडीचं भिंग मी खिशात बाळगतोच. ते घेऊन मी न्हाणीघराच्या दाराकडे कान ठेवून उभा राहायचो. काट्यानंतर आलं ते काड्यांचं घर. बोटाच्या पेराएवढं, चौकोनी, एकावर एक आडव्या ठेवलेल्या काड्यांचं, सगळ्या काड्या एका मापात कुरतडलेल्या. सुताराला लाज वाटावी असे कोपरे. मालक आत दडलेला होता, नुसतं काळं डोकं बाहेर काढून घर ओढत नेत होता. मग एक माशी, जिचे डोळे डोक्यावर नव्हतेच. डोक्यातून दोन दांड्या आडव्या फुटल्या होत्या आणि डोळे दांड्यांच्या टोकांना. आपल्याच पाठीमागचं दिसावं म्हणून देवाने केलेली सोय असावी. मला जरा हेवाच वाटला. मग एक ढेकणाच्या जातीचा, धुळीचा गोळा होऊन बसलेला. भिंगातून बघितलं तर त्याने मारलेल्या मुंग्यांची रिकामी कलेवरं पाठीवर रचून घेतली होती, की कोणी बघितलं तर म्हणावं, मुंग्याच आहेत, चला पुढे. सगळी सोंगाडी मंडळी. एकही किडा जे आहे ते म्हणून समोर येत नव्हता. मी मनात म्हणायचो, बघा, संगत कशी मिळते ती. आणि तरी न्हाणीघरातला बादलीचा आवाज थांबल्यावर बाटली परत ठेवताना माझा हात जड व्हायचा. अजून अर्धं मिनिट मिळालं असतं तर काड्या मोजल्या असत्या, असं वाटायचं. आयुष्यभर मी किडे फक्त मोजले. शंभर दाण्यांत किती, जिवंत किती, मेलेले किती. एखाद्याला नुसतंच बघायचं, हे त्या न्हाणीघराच्या दाराशी मी पहिल्यांदा केलं, आणि तेही पुरावा म्हणून.

शेवटी एका बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिच्या मागे गेलो. बस बदलून, एका लांबलचक रस्त्याने, पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावरच्या माडीत ती गेली. समोरच्या फुटपाथवर मी टेलिफोनच्या खांबाला टेकून उभा राहिलो. खिडकी मोठी होती. मी तयारीनेच गेलो होतो. माणूस कसा असेल हेही ठरवून झालं होतं, उंच, बोलका, हातावर घड्याळ. खिडकीत दिसली ती एक म्हातारी. जाड काचांचा चष्मा, पांढरे आखूड केस, कापरे हात. आणि माझी बायको टेबलावर ओणवी, हातात कुंचला, दातांत दुसरा. म्हातारी काहीतरी बोलली आणि बायको हसली. मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून. दातांतला कुंचला खाली पडला तो तिने न बघता पायाने सरकवला. असं हसताना मी तिला शेवटचं कधी बघितलं, हे मी तिथे उभ्याउभ्या आठवू लागलो आणि आठवेना. माणूस असता तर बरं झालं असतं. माणसाशी भांडता येतं.

घरी आलो तो सुटका होऊन नव्हे, उलट जास्तच घेरला जाऊन. ही चित्रं काढते, किड्यांची, ठीक. मग माझ्यापासून लपवायचं कारण काय? मी काय नाही म्हटलं असतं? दिवसभर किड्यांत असणारा नवरा घरात असताना ही बाई किडे लपवते! यात काहीतरी माझ्याविरुद्ध होतं, हे मला दाण्यातल्या भोकासारखं स्पष्ट दिसत होतं. फक्त काय ते हाताला लागत नव्हतं.

मग तो मंगळवार आला. ती बाहेरून आली ती गुणगुणतच. पिशवी खुंटीला न लावता उशाशी घेऊन झोपली. सकाळी ती अंघोळीला गेल्यावर मी बाटली काढली आणि काही क्षण मला समजेचना की आत किडा आहे की तिचा कानातला दागिना. सोनं होतं. सोनेरी वगैरे नव्हे, सोनं. मसुराएवढा गोल, पाठीवर पारदर्शक ढाल, पानाला पोट चिकटवून बसलेला. आतापर्यंत मी बाटली दर वेळी परत ठेवली होती; त्या दिवशी ठेवली नाही. ठरवूनच टाकलं, आज संध्याकाळी ही टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, हे काय आहे, आणि मला का सांगितलं नाहीस. पुरावा हातात असल्याशिवाय मी प्रश्न विचारत नाही, ही जुनी खोड. बाटली खिशात टाकून मी गोदामात गेलो.

टेबलाशी बसून मी दार लावलं आणि भिंग लावलं. दहा मिनिटं असतील. तेवढ्यात काय काय बघितलं ते मी नंतर अकरा दिवस कोणाला सांगू शकलो नाही. मग ट्रक लागले, बाहेरून हाका आल्या. त्या दिवशी सहा थप्प्यांना धुरी द्यायची होती. ताडपत्र्या टाकायच्या, कडा वाळूच्या नळ्यांनी दाबायच्या, विषारी वायूच्या गोळ्या ठेवायच्या आणि बाहेर पडायचं. मी बाटली उचलली आणि कामाच्या पिशवीच्या कप्प्यात, हातमोज्यांच्या शेजारी ठेवली. हात आपोआप तिकडे गेला. नमुना म्हटला की तो त्या कप्प्यात जातो, बावीस वर्षं जात आलाय. त्या हातमोज्यांना गोळ्यांची भुकटी असते, तिला कुजक्या लसणासारखा वास येतो, दिवसभर ती मंद वायू सोडत राहते आणि बंद कप्प्यात मुंगीही जगत नाही, हे दुसऱ्या कोणाला नाही तरी मला माहीत होतं. नवीन माणसांना मीच शिकवतो. झाकणाला सात भोकं होती. किड्याला हवा मिळावी म्हणून पाडलेली.

संध्याकाळी बाटली काढली तेव्हा आत एक तपकिरी टिकली होती. मला आधी वाटलं, बाटली बदलली. मग मी सवयीने वाट बघितली. मिनिटभर, मग आणखी पाच मिनिटं. पाय हलला नाही.

घरी पोचलो तर घर उलटंपालटं. गाद्या उचललेल्या, खुर्च्या सरकवलेल्या, बायको जमिनीवर गुडघ्यांवर, हातात बॅटरी घेऊन कपाटाखाली बघतेय. "काय हरवलंय?" मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. आवाज रडून बसलेला. मी चपला काढायला वाकलो आणि वाकल्यावर हात आपल्या मनाने वागला. "हे काय," मी म्हणालो, "चपलांच्या मागे पडलंय." आणि बाटली पुढे केली. तिने ती हिसकावूनच घेतली, उजेडात धरली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. मग सगळं सांगितलं. मी न विचारता. माडीवरच्या बाई म्हणजे तिच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका; जन्मभर चमत्कारिक किडे गोळा केले, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, आता डोळे जात चाललेत आणि चित्रं हिच्याकडून काढून घेताहेत. चाळीस चित्रं झाली, एकच राहिलंय, हे. "याचं सोनं रंगाचं नसतं हो," ती म्हणाली, "अंगात ओल असते तोवरच चमकतं. मेला की गेलं. म्हणून जिवंतच लागतो. बाई वर्षभर म्हणतायत, डोळे आहेत तोवर एकदा कागदावर बघू दे. काल संध्याकाळी बसथांब्यामागच्या वेलीवर दिसला. दिवा लावून कितीसा दिसणार! म्हटलं, सकाळी उन्हात काढू." मग म्हणाली, "मीच मारला. झाकण सैल राहिलं असेल, पडला असेल, कापूस सुकला असेल. माझ्याच हाताने गेला."

मी म्हणालो, "किड्याचं काय एवढं!" हे वाक्य माझ्याच तोंडून आलं. "म्हणूनच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला आठवत नसेल. आपण या घरात नवीन आलो होतो. खिडकीवर हिरवा सोंडकिडा बसला होता, अंगावर चकाकी सांडल्यासारखी. मी तुम्हाला हाक मारली, अहो, बघा तरी. तुम्ही आलात, अंगठा ठेवलात आणि म्हणालात, धान्यातला नाही हा. आणि हात धुवायला गेलात." मला आठवत नव्हतं. पण अंगठा माझाच होता, यात शंका नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीवर पुराव्याशिवाय विश्वास ठेवला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. पण रात्री पडल्यापडल्या मी शब्द जुळवायचो आणि सकाळी ते तिच्यासमोर नेताना सांडायचे. उलट मीच तिच्यावर पाळत ठेवू लागलो, हिला कळलं असेल का. ती भांडी जोरात ठेवायची तेव्हा वाटायचं, कळलं. हळू ठेवायची तेव्हा जास्तच वाटायचं. ती मात्र स्वतःलाच बोल लावत होती. दुपारच्या उन्हात लेकीच्या रिकाम्या खोलीत बसून मेलेला किडा समोर ठेवून सोनं कालवायची, पुसायची, पुन्हा कालवायची. बाईंना फोनवर सांगताना मी ऐकलं: "माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, बाई." मग बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "नाही, दुसरं कोणी बघा. माझा हात राहिला नाही आता."

दुसऱ्या दिवशी मी वेली शोधायला निघालो. बसथांब्यामागची वेल पालिकेने तोडून टाकली होती. मग गोदामाच्या कुंपणाला लागलेली आठवली, तीच जात, हृदयाच्या आकाराची पानं, जांभळी फुलं. गुडघ्यांवर बसून मी पान न् पान उलटलं. गोदामाचा रखवालदार, मिशांमुळे ज्याला सगळे फौजदार म्हणतात, काठी टेकत आला. "साहेब, काय हरवलं?"

"किडा शोधतोय."

"इथे?" तो हसायलाच लागला. "साहेब, दर पंधरवड्याला या कुंपणावर औषध मारायला तुम्हीच माणसं पाठवता. इथे किडा मिळाला तर तुमची नोकरी जाईल!" आणि माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं. "मौल्यवान होता का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो आणि उरलेली पानंही उलटून बघितली.

अकराव्या दिवशी रविवार होता. दुपारी मी चहा घेऊन लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती शेवटचं एकदा करून बघत होती. संध्याकाळी बाईंना कागद परत द्यायचे होते. बाकी सगळं उतरलं होतं, ढालीचा पारदर्शक काठ, आत दुमडलेले पाय, शिंगांची टोकं. फक्त सोनं पितळेच्या भांड्यासारखं दिसत होतं. तिने त्याच्यावर आणखी एक हात दिला. ते आणखी पितळ झालं. मला बघवेना. मला खरोखरच बघवेना, आणि बाकी सगळं मी विसरलो.

"असं नव्हतं ते," मी म्हणालो. "सोनं वर नव्हतंच. खाली होतं. काचेच्या तळाशी पाणी असावं तसं. वरून ऊन पडलं की त्यात हिरवी झाक यायची, आणि टिचकी मारली की ते कडेकडून आत आटत जायचं, तांबूस व्हायचं, आणि मग पुन्हा हळूहळू भरायचं."

कुंचला कागदापासून वर उचलला गेला होता. ती वळली नाही.

"टिचकी कधी मारलीत तुम्ही?"

बशीत चहा सांडला होता, तो माझ्या अंगठ्याला भाजत होता. "बुधवारी," मी म्हणालो. "गोदामात."

"कशातून नेलात?"

"खिशातून. नंतर कामाच्या पिशवीत ठेवला."

ती पिशवी तिने कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ दिली नव्हती. तिला वास माहीत होता, आणखी काही सांगावं लागलं नाही. ती उठली, माझ्या बाजूने, मला न लागता, बाहेर गेली. मोरीत नळ सुरू झाला. एक कुंचला धुवायला किती वेळ लागतो! मी तिथेच उभा राहिलो. ती बॅग भरेल असं वाटलं, बहिणीला फोन करेल असं वाटलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की तिने काहीही केलं तरी त्यात मला शोधण्यासारखं काही नसेल. नळ बंद झाला. ती आत आली. डोळे लाल होते, हात कोरडे होते. पितळेचा कागद तिने काढून जमिनीवर ठेवला आणि नवा कागद घेतला.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस मी स्वतःला खात होते, आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

"हो."

"हे मी विसरणार नाही."

"हो."

तिने खिडकीकडे बघितलं. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत सरकलं होतं. "तासभर उजेड आहे," ती म्हणाली. "बसा. आटत जायचं म्हणजे कुठून सुरुवात व्हायची? डोक्याकडून की मागून?"

"मागून," मी म्हणालो.

"आणि हिरवी झाक कुठे?"

मी सांगत गेलो. ती काढत गेली. तिने एकदाही वर पाहिलं नाही.